सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर, डोटा स्कॅन आणि ल्युटेशियम उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात इंजेक्शन घेऊन स्कॅनची वाट बघत बसलेली माणसं हळूहळू एकमेकांशी बोलायला लागतात. ‘तुमचं कुठे चमकलं?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. मी या विभागात काम करते आणि हेच प्रश्न रोज ऐकते. ओपीडीत वेळ कमी असतो, नातेवाईक घाबरलेले असतात, आणि घरी गेल्यावर अर्धं विसरायला होतं. म्हणून सगळी उत्तरं इथे सावकाश लिहिली आहेत. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा, बाकीचं तिच्यातूनच उलगडत जाईल: हा डोटा स्कॅन कॅन्सर दाखवत नाही, रिसेप्टर दाखवतो.

सोमॅटोस्टॅटिन म्हणजे काय? कोलेस्टेरॉलच्या ‘स्टॅटिन’ गोळीशी त्याचा संबंध आहे का?

काहीही संबंध नाही. नावातलं साम्य तेवढं आहे. सोमॅटोस्टॅटिन हे आपल्याच शरीरात तयार होणारं संप्रेरक आहे आणि त्याचं काम आवरण्याचं. वाढीचं संप्रेरक, इन्सुलिन, ग्लुकागॉन, जठरातलं आम्ल, स्वादुपिंडाचे पाचकरस, या सगळ्यांना ते ‘आता पुरे’ म्हणून सांगतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस, स्वादुपिंड, जठर आणि आतडी इथे ते तयार होतं.

त्याचा शोध लागला १९७३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये. रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत पॉल ब्राझो आणि सहकारी वाढीचं संप्रेरक बाहेर सोडायला लावणारा पदार्थ शोधत होते. मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसच्या अर्कातून हाती लागला तो नेमका उलट, स्राव थांबवणारा पदार्थ. १४ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. मेंदूतल्या अशा संप्रेरकांवरच्या कामासाठी गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

मग रिसेप्टर म्हणजे काय?

संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण त्याचं म्हणणं ऐकतात फक्त त्या पेशी, ज्यांच्या पृष्ठभागावर ते धरून ठेवणारी प्रथिनं असतात. ही प्रथिनं म्हणजे रिसेप्टर. सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर पाच प्रकारचे आहेत आणि त्यांना सरळ एक ते पाच असे क्रमांक दिलेत. तुमच्या रिपोर्टात ‘एसएसटीआर’ असं लिहिलेलं असतं ते हेच. उपचारांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा दुसरा, एसएसटीआर २.

संप्रेरक रिसेप्टरला चिकटलं की पेशीच्या आत निरोप जातो, कॅल्शियम आत यायचं कमी होतं आणि पेशीत भरून ठेवलेलं संप्रेरक बाहेर पडायचं थांबतं. आणखी एक गोष्ट घडते, आणि आमच्या विभागाचं सगळं काम तिच्यावरच उभं आहे. चिकटलेल्या रेणूसकट रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. म्हणजे त्या रेणूच्या शेपटीला आपण काही बांधून पाठवलं, तर तेही पेशीच्या पोटात जातं. मंद किरण देणारं बांधलं तर फोटो काढता येतो. मारक किरण देणारं बांधलं तर पेशी मारता येते.

आईला ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ आहे असं सांगितलं. म्हणजे मेंदूचा आजार का?

नाही. २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपला हा आजार जाहीर केला तेव्हाही बहुतेकांना तो मेंदूचाच वाटला होता, आणि ‘न्यूरो’ म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे, हे त्यांना स्वतःलाच सांगावं लागलं होतं. संप्रेरकं तयार करणाऱ्या, पण मज्जापेशींसारखेही काही गुण असणाऱ्या पेशी आपल्या आतड्यांत, स्वादुपिंडात, फुप्फुसांत विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून होणारी गाठ म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, थोडक्यात ‘नेट’. जुन्या कागदांत ‘कार्सिनॉइड’ असा शब्द दिसेल. तो १९०७ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रिड ओबेर्नडोर्फर यांनी वापरला. अर्थ असा की कॅन्सरसारखं दिसणारं, पण तितकं आक्रमक नसणारं. पुढे कळलं की यातल्या बऱ्याच गाठी पसरतात. त्यामुळे ‘कार्सिनॉइड आहे, विशेष काही नाही’ असं कोणी म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका.

या गाठींच्या पेशींवर बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकाचा रिसेप्टर दाटीवाटीने असतो, आजूबाजूच्या निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त. या पानावरचे सगळे उपचार त्या जोरावर होतात.

इतकी वर्षं कळलं कसं नाही?

हा प्रश्न विचारताना माणसं स्वतःला दोष देत असतात. तसं करू नका. गाठ हळू वाढते आणि लक्षणं रोजच्यासारखी असतात. चेहरा आणि छाती अचानक लाल होऊन गरम वाफ आल्यासारखं वाटतं. पन्नाशीच्या बाईला ‘पाळी जायचे दिवस आहेत’ असं सांगितलं जातं. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ जुलाब होतात. त्याला ‘आयबीएस’, म्हणजे नाजूक झालेली आतडी, म्हणतात. छातीत घरघर होते, त्याला दमा. प्रत्येक निदान एकेकटं पाहिलं तर पटण्यासारखंच असतं. तिन्ही एकत्र दिसली की मात्र संशय यायला हवा, विशेषतः रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर. लहान आतड्यातली गाठ सेरोटोनिन नावाचं द्रव्य सोडते. यकृत ते निकामी करत असतं, पण गाठ यकृतातच पसरली की ते थेट रक्तात जातं आणि हा त्रास सुरू होतो. पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही जाड होऊ शकतात. म्हणून अशा रुग्णांना इको करायला सांगतात. ते टाळू नका.

२४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली आहे. पथ्य काय?

सेरोटोनिनपासून लघवीत उतरणारं ‘५-एचआयएए’ त्यात मोजतात. आधीचे दोन-तीन दिवस आणि गोळा करायच्या दिवशी केळी, अननस, टोमॅटो, वांगी आणि अक्रोड बंद. उपासाच्या दिवसांत ही तपासणी ठेवूच नका, कारण केळी पोटात जातातच.

‘क्रोमोग्रॅनिन ए’ ही रक्ततपासणीही सांगतात. ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारखी गोळी चालू असेल तर हा आकडा खोटाच वाढतो. आपल्याकडे ती गोळी घरोघरी, डॉक्टरांना न विचारता, वर्षानुवर्षं घेतली जाते. आकडा वाढलेला पाहून रात्रभर जागण्याआधी ही गोळी चालू आहे का, ते डॉक्टरांना सांगा. बंद करायची की नाही, किती दिवस आधी, हेही त्यांनाच विचारा.

दर महिन्याचं ‘एलएआर’ इंजेक्शन कशासाठी?

शरीरातलं सोमॅटोस्टॅटिन दोन-तीन मिनिटांतच मोडून जातं, त्यामुळे औषध म्हणून ते फारसं वापरता येत नाही. सँडोझ कंपनीच्या संशोधकांनी त्याची आठ अमिनो आम्लांची, चिवट प्रतिकृती केली. ती ऑक्ट्रिओटाइड. अमेरिकेत १९८८ मध्ये तिला मान्यता मिळाली. एलएआर हे तिचंच हळूहळू विरघळणारं रूप, दर चार आठवड्यांनी नितंबाच्या स्नायूत खोल देतात. लॅनरिओटाइड हे तिचं भावंड, ते त्वचेखाली खोल देतात.

आधी ही औषधं फक्त त्रास कमी करायला देत. जुलाब आणि लाली थांबायची, तेवढंच. मग २००९ मध्ये ‘प्रोमिड’ चाचणीत दिसलं की ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्यांची गाठ वाढायला सरासरी १४.३ महिने लागले, नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांची ६ महिन्यांत वाढली. २०१४ मध्ये ‘क्लॅरिनेट’ चाचणीने लॅनरिओटाइडबद्दल तसंच दाखवलं. म्हणून त्रास नसतानाही हे इंजेक्शन सांगतात.

इंजेक्शन देण्याबद्दल एक आग्रहाची गोष्ट. एलएआरची पावडर फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते, त्यातल्या द्रवात पूर्ण भिजू द्यावी लागते आणि मिसळल्याबरोबर लगेच टोचावी लागते. घाई केली तर सुई तुंबते आणि महागडं औषध वाया जातं. जवळच्या दवाखान्यात घेणार असाल तर तिथल्या सिस्टरना खोक्यातली सूचना शांतपणे वाचायला द्या. त्यात संकोच वाटू देऊ नका.

इंजेक्शन सुरू झाल्यापासून शौच तेलकट, फिकट, भांड्याला चिकटणारं होतंय.

हा पुन्हा आजार वाढल्याचा जुलाब असेलच असं नाही. औषध स्वादुपिंडाचे पाचकरसही आवरतं, त्यामुळे खाल्लेलं तूप-तेल पचत नाही. जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर पाचकरसांच्या कॅप्सूल घेतल्या की बऱ्याच जणांना आराम पडतो. जेवण संपल्यावर घेतल्या तर फारसा उपयोग होत नाही. पित्ताशयात खडे होणं, साखर वरखाली होणं, नाडी मंद होणं हेही या औषधाने होऊ शकतं.

डोटा स्कॅन, डोटाटेट, डोटानॉक, गॅलियम पेट ही वेगवेगळी आहेत का?

व्यवहारात एकच समजा. ऑक्ट्रिओटाइडसारखा रेणू, त्याच्या टोकाला ‘डोटा’ नावाचा धातू पकडणारा चिमटा, आणि चिमट्यात गॅलियम-६८ हा किरणोत्सारी धातू. त्याच्या किरणांचा फोटो काढतं ते पेट यंत्र. पुढचा रेणू थोडा बदलला की नाव टेट, टॉक किंवा नॉक होतं. दुसऱ्या रिसेप्टरला तिन्ही चिकटतात.

ही पद्धत नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटाने उभी केली. १९८९ मध्ये त्यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेल्या ऑक्ट्रिओटाइडने पहिल्यांदा अशा गाठींचे फोटो काढले. मग इंडियमचा ऑक्ट्रिओस्कॅन आला, १९९४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात इंजेक्शन आज आणि फोटो उद्या अशी गत होती, चित्रही धूसर. आता गॅलियमवर साधारण तासाभरात स्कॅन होतो आणि काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते. जिथे पेट यंत्र नाही तिथे टेक्निशियमवरचा स्कॅन करतात. तोही अगदीच टाकाऊ नाही.

वेळेवर यायला एवढं का बजावता?

सकाळचं आमचं काम सांगते. गॅलियम बाटलीत भरून दुकानातून येत नाही. शिशाच्या कवचात एक छोटा स्तंभ असतो, त्यात जर्मेनियम-६८ बसवलेलं. ते हळूहळू मोडत राहतं आणि त्यातून गॅलियम तयार होत राहतं. सकाळी त्या स्तंभातून पातळ आम्ल सोडलं की गॅलियम धुऊन बाहेर येतं. आम्ही याला ‘जनरेटर मिल्क करणं’ म्हणतो, आणि शब्द खरोखर चपखल आहे: धार काढली की काही तास थांबायचं, मग पुन्हा धार. निघालेलं गॅलियम औषधाच्या रेणूबरोबर तापवून जोडायचं, शुद्धता तपासायची, मग इंजेक्शन. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, ६८ मिनिटं. तुम्ही लोकलमध्ये अडकून तासभर उशिरा आलात तर तुमच्यासाठी काढून ठेवलेलं जवळजवळ निम्मं संपलेलं असतं. ते परत भरता येत नाही.

उपाशी यायचं का? साखरेची गोळी घ्यायची का?

नेहमीच्या एफडीजी पेटला, म्हणजे पेशी साखर किती ओढतात ते बघणाऱ्या स्कॅनला, साखरेचा परिणाम होतो, डोटा स्कॅनला होत नाही. पण सोबत कॉन्ट्रास्टचा सीटी असेल तर चार तास उपाशी यायला सांगतात. पाणी भरपूर प्या. एलएआर चालू असेल तर स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी ठेवतात. म्हणून शेवटच्या इंजेक्शनची तारीख फोनवरच सांगा.

रिपोर्टात प्लीहा, मूत्रपिंड, यकृत, पिट्युटरी सगळीकडे ‘अपटेक’ लिहिलं आहे. सगळीकडे पसरलंय का?

नाही! अपटेक म्हणजे तिथे औषध जमा झालं, एवढंच. हे वाचून रडवेले झालेले नातेवाईक मी किती वेळा समजावले असतील. या निरोगी अवयवांवरही रिसेप्टर असतात किंवा औषध त्यांच्यातून बाहेर जातं, म्हणून ते प्रत्येकाच्याच स्कॅनमध्ये चमकतात. सगळ्यात झळाळतो तो प्लीहा. मूत्रपिंडं आणि मूत्राशयही, कारण औषध लघवीवाटे जातं. अशा ओळीत ‘फिजिऑलॉजिक’ हा शब्द शोधा. त्याचा अर्थ: हे नेहमीचंच आहे.

चकवा देणाऱ्या दोन जागा मात्र खऱ्या. स्वादुपिंडाच्या डोक्याचा खालचा कोपरा कित्येक निरोगी माणसांत चमकतो. प्लीहेचा एखादा जन्मजात सुटा तुकडा स्वादुपिंडाच्या शेपटीत दडलेला असला तर तोही हुबेहूब गाठीसारखा दिसतो. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी हे दोन्ही तपासून घेतलेलं बरं.

चमकतंय म्हणजे कॅन्सरच ना?

तेही नाही. सूज आलेल्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही हा रिसेप्टर असतो. क्षयाच्या गाठी, सारकॉइडोसिस, नुकतं मोडून जुळत असलेलं हाड, मणक्यातला निरुपद्रवी हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ), हे सगळं थोडंफार चमकतं. आपल्याकडे क्षय इतका आहे की छातीतल्या चमकलेल्या लसीकाग्रंथी पाहून ‘पसरलं’ म्हणण्याआधी मी दोनदा थांबते. उपचाराची दिशाच बदलणार असेल तर तिथली बायोप्सी मागून घ्या.

मागच्या वेळी एसयूव्ही ४५ होतं, शेजारच्या बेडवरच्या काकांचं १२. आमचं चौपट वाईट का?

हा गैरसमज सगळ्यात जास्त छळतो, म्हणून थोडं विस्ताराने सांगते. एसयूव्ही म्हणजे त्या जागी औषध किती गोळा झालं त्याचा आकडा. एफडीजी पेटमध्ये पेशी साखर किती ओढते ते मोजतात. तिथे आकडा मोठा म्हणजे पेशी भुकेली, आक्रमक, म्हणून तो कमी असलेला बरा. लोकांच्या मनात हेच पक्कं बसलेलं असतं. डोटा स्कॅनमध्ये मोजतो ते रिसेप्टर. इथे आकडा मोठा म्हणजे पेशीवर रिसेप्टर भरपूर, पेशीने आपला मूळ स्वभाव राखलेला, आणि ल्युटेशियम उपचार आत शिरायला दारं पुष्कळ. म्हणजे ४५ ही काळजीची नव्हे, बऱ्याचदा दिलाशाची बाब असते.

उपचाराला पात्र आहात का हे ठरवताना आम्ही क्रेनिंग मोजपट्टी वापरतो. शून्य म्हणजे काहीच नाही, दोन म्हणजे यकृताइतकं किंवा थोडं कमी, तीन म्हणजे यकृतापेक्षा जास्त, चार म्हणजे प्लीहेपेक्षाही जास्त. तीन किंवा चार असेल तर ल्युटेशियमचा विचार करण्यात अर्थ आहे. आणि दोन स्कॅनमध्ये एसयूव्ही ४५ वरून ३० झालं तर गाठ तितक्या पटीने लहान झाली असं धरू नका. गाठीची मापं सीटी किंवा एमआरआयवर बघतात.

गाठ सीटीमध्ये दिसते, पण डोटा स्कॅनमध्ये चमकत नाही. हे चांगलं का?

बहुतेक वेळा नाही. पेशी बिघडत जाते तसे ती रिसेप्टर गमावते आणि साखर ओढायला लागते. मग डोटामध्ये काळं आणि एफडीजीमध्ये उजळ असं उलटंपालटं चित्र दिसतं. म्हणून आम्ही काही वेळा दोन्ही स्कॅन सांगतो. तो खर्च वाढवायचा प्रकार नव्हे. एकाच माणसाच्या यकृतातली एक गाठ डोटामध्ये उजळ आणि दुसरी एफडीजीमध्ये, असंही असतं. दुसरी नजरेतून सुटली तर ल्युटेशियम तिला शिवणारच नाही आणि ती वाढत राहील.

याच्या जोडीला बायोप्सीच्या कागदावरचा ‘केआय-६७’ बघा. किती टक्के पेशी विभाजनाच्या फेऱ्यात आहेत ते त्यातून कळतं. ३ टक्क्यांखाली पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी. घरातल्या एकाने तरी हा आकडा पाठ ठेवावा असं मी सांगते, कारण नवीन डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतात.

या रिसेप्टरचा कॅन्सरशिवाय दुसऱ्या आजारांत उपयोग आहे का?

पुष्कळ आहे. पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढीचं संप्रेरक मोठ्या वयात जास्त व्हायला लागलं की ॲक्रोमेगली होते. बोटातली अंगठी रुतते, रोजच्या मापाच्या बांगड्या मनगटावर चढेनाशा होतात, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. घरच्यांना रोज बघून कळत नाही; दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या फोटोशेजारी आजचा फोटो ठेवला की कळतं. आधी नाकावाटे शस्त्रक्रिया, आणि ती पुरेशी झाली नाही तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड. पॅसिरिओटाइड हे नंतरचं औषध पाचापैकी चार रिसेप्टरांना चिकटतं, त्यात पाचवाही आला. पण ते इन्सुलिन आवरतं आणि साखर वाढवतं, मधुमेह असलेल्यांनी जपून.

यकृत खराब झालेल्या माणसाला रक्ताची उलटी झाली की आयसीयूत ऑक्ट्रिओटाइडचा ड्रिप लावतात, कारण त्याने यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब उतरतो. तिथे हे नाव ऐकून ‘कॅन्सर लपवताय का’ असं विचारणारे नातेवाईक भेटतात. नाही, औषध तेच, कारण वेगळं.

आणि एक आजार माझ्या फार जवळचा. वर्षानुवर्षं हाडं दुखतात, बरगड्या आणि मांडीचं हाड किरकोळ कारणाने मोडतं, माणूस काठीवर येतो. रक्तात फॉस्फेट कमी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन काही फरक नाही. शरीरात कुठेतरी शेंगदाण्याएवढी गाठ ‘एफजीएफ-२३’ नावाचं संप्रेरक सोडत असते आणि सगळं फॉस्फेट लघवीतून वाहून जात असतं. ही गाठ टाचेत, गुडघ्यात, जबड्यात, नाकात कुठेही असते, आणि तिच्यावर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर असतात. म्हणून हा स्कॅन डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत करायचा असतो. नेहमीसारखा मांडीपर्यंत केला तर टाचेतली गाठ राहून जाते. गाठ सापडली आणि पूर्ण काढली की हा आजार बरा होतो. काठी टाकून चालत आलेला माणूस बघण्यासारखा आनंद या कामात दुसरा नाही.

इन्सुलिनोमासाठी हाच स्कॅन का?

इन्सुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडातली जास्त इन्सुलिन सोडणारी गाठ. तिच्यावर दुसरा रिसेप्टर कित्येकदा कमी असतो, त्यामुळे डोटा स्कॅन हुकू शकतो. त्यासाठी जीएलपी-१ रिसेप्टर शोधणारा ‘एक्सेंडिन’ स्कॅन जास्त उपयोगी. ऑक्ट्रिओटाइडने काही इन्सुलिनोमा रुग्णांची साखर आणखी खाली जाते, हेही लक्षात असू द्या.

ल्युटेशियम थेरपी किंवा पीआरआरटी म्हणजे नक्की काय?

तोच रेणू, तोच चिमटा. फक्त चिमट्यात गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७. रिसेप्टर त्याला पेशीत ओढून घेतो आणि तिथे बसून ते बीटा किरण सोडत राहतं. हे किरण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात, म्हणून मार मुख्यतः गाठीला बसतो. अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास. जे स्कॅनमध्ये दिसलं त्यावरच उपचार होतो, न दिसलेल्यावर होत नाही. स्कॅन न करता ल्युटेशियम देणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं.

ठरलेली पद्धत अशी: २०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप), आठ आठवड्यांच्या अंतराने, चार वेळा.

महाराष्ट्रात हे होतं का, की परदेशी जावं लागेल?

परदेशी जायची गरज नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून मुंबईत आहे, परळला टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीत. तिथे हा उपचार बऱ्याच वर्षांपासून चालतो. ल्युटेशियमही इथलंच: ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार करतात. चेंबूरच्या पलीकडे बनलेलं औषध परळच्या रुग्णाच्या शिरेत जातं, ही गोष्ट मला प्रत्येक नव्या रुग्णाला सांगाविशी वाटते. परदेशी कंपनीच्या तयार औषधाच्या तुलनेत खर्च खूपच कमी होतो तो यामुळे. मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांतही सोय आहे. त्यांच्याकडे अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना असावा लागतो.

उपचाराच्या दिवशी काय होतं?

ल्युटेशियमच्या अर्धा तास आधी अमिनो आम्लांचा ड्रिप सुरू होतो, लायसिन आणि आर्जिनिन. औषध मूत्रपिंडात अडकून बसू नये म्हणून ही ढाल. तो तीन-चार तास चालतो, आणि खरा त्रास असेल तर याचाच: मळमळ, उलटी. म्हणून आधी उलटीचं इंजेक्शन देतात. ल्युटेशियम स्वतः अर्ध्या तासात शिरेतून जातं, काही जाणवतही नाही. वेगळी खोली, वेगळं शौचालय. सिस्टर लांबून बोलतात, पटकन निघून जातात. तुम्हाला टाळतात म्हणून नव्हे, त्यांना हे काम वर्षभर करायचं असतं. निघताना आम्ही मीटर घेऊन एक मीटरवरून किरण मोजतो आणि आकडा मर्यादेखाली आला की घरी सोडतो.

एलएआर याआधी चार आठवडे थांबवतात, नाहीतर रिसेप्टरच्या जागा आधीच भरलेल्या राहतील.

याने पूर्ण बरं वाटेल का?

पसरलेला आजार याने मुळापासून जाणं क्वचितच घडतं, हे मी स्पष्ट सांगते. पण मिळतं ते थोडं नाही. ‘नेटर-१’ चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान आतड्याकडची गाठ, पसरलेली, इंजेक्शन चालू असूनही वाढणारी, असे रुग्ण. २० महिन्यांनी आजार न वाढलेले लोक ल्युटेशियम गटात ६५.२ टक्के होते, नुसतं ऑक्ट्रिओटाइड वाढवलेल्या गटात १०.८ टक्के. गाठ लक्षणीय लहान झाली मात्र १८ टक्क्यांचीच. म्हणून उपचारानंतरच्या रिपोर्टात ‘स्टेबल’ वाचून निराश होऊ नका. या आजारात स्थिर राहणं हे यशच आहे. जुलाब थांबले, वजन भरलं, शेतावर पुन्हा जाता आलं, हे मी रोज बघते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नेटर-२’ मध्ये जरा जास्त वेगाने वाढणाऱ्या गाठींना हा उपचार सुरुवातीलाच दिला, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८.५ महिन्यांवरून २२.८ महिन्यांवर गेला.

दुष्परिणाम?

काही आठवड्यांनी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, बहुतेकांच्या परत भरतात. दर सायकलआधी, म्हणजे प्रत्येक डोसच्या आधी, रक्त आणि मूत्रपिंडांचं क्रिएटिनिन तपासतात. थकवा असतो. केस केमोसारखे जात नाहीत, थोडे विरळ होतात. साधारण दोन टक्के रुग्णांत पुढे काही वर्षांनी अस्थिमज्जेचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि हे संमतीपत्रावर सही करण्याआधी समजून घ्यायलाच हवं. गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत. नंतर बाईने सात महिने आणि पुरुषाने चार महिने गर्भधारणा टाळायची.

घरी नातवंडं आहेत. त्यांना जवळ घेऊ का?

पहिले काही दिवस नको. किती दिवस ते तुमच्या मीटरच्या आकड्यावर ठरतं आणि कागदावर लिहून देतात. वेगळं झोपा, लहान मुलं आणि गरोदर सून यांच्यापासून हातभर नव्हे, चांगलं दोन पावलं अंतर ठेवा. पुरुषांनीही लघवी बसून करावी, दोनदा पाणी सोडावं, हात साबणाने धुवावेत. टॉवेल, कपडे वेगळे धुवावेत. एकत्र बसून बोलायला, घरचं जेवायला काही हरकत नाही. आजोबांना मागच्या खोलीत ताट सरकवून एकटं ठेवलेलं मी ऐकलंय. त्याची अजिबात गरज नसते.

काढे, भस्मं चालू ठेवली तर?

काय घेताय ते लपवू नका, एवढीच विनंती. मूत्रपिंडांवर आधीच भार असतो आणि काही भस्मांत धातू असतात. उपचाराच्या काळात थांबवलेली बरी.

चार सायकल झाल्यावर पुन्हा वाढलं तर?

पहिल्या वेळी चांगला उपयोग झाला असेल आणि रिसेप्टर अजून चमकत असतील तर एक-दोन सायकल पुन्हा देता येतात. अल्फा किरण सोडणारं ॲक्टिनियम-२२५ याच रेणूला जोडून दिल्याचे अनुभव दिल्लीच्या एम्सने प्रसिद्ध केलेत. त्याचा पल्ला काही पेशींएवढाच, मार मात्र फार जोराचा. चाचण्या चालू आहेत. एव्हरोलिमस, सुनिटिनिब, कॅपेसिटाबिन-टेमोझोलोमाइड या औषधांचे पर्यायही आहेत, विशेषतः स्वादुपिंडातल्या गाठींसाठी. यातलं कुठलं कधी, हे एकट्या डॉक्टरने नव्हे तर ट्यूमर बोर्डाने, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून, ठरवावं असा आग्रह धरा.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

बायोप्सीचा कागद आणि शक्य असेल तर ब्लॉक-स्लाइड, म्हणजे लॅबने जपून ठेवलेला गाठीचा तुकडा आणि त्याच्या काचा. आधीच्या स्कॅनच्या सीडी. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, कारण आम्हाला जुनं चित्र नव्याशेजारी लावून बघायचं असतं. शेवटच्या एलएआरची तारीख, चालू औषधांची यादी, ताजं क्रिएटिनिन आणि रक्ताचा रिपोर्ट. हातात शिर सापडत नसेल तर सकाळी घरून निघतानाच पाणी पिऊन या. आणि घरातून एकच माणूस सोबत यावा, पण शेवटपर्यंत थांबणारा.